धोंडीचा बेडूक आणि सिताबाईचा निकाल

बाहत्तरच्या दुष्काळात उमरग्याच्या एका दवाखान्यात बब्रुवान रक्त-लघवी तपासत असे. काचपट्टीवरच्या एका थेंबाशी तो इतका तल्लीन होई, की पाहणाऱ्याने चपला बाहेर काढाव्यात.

एका सकाळी केशरबाई सुनेला घेऊन आली. सून सिताबाई दुष्काळी कामावर खडी फोडी. दोन महिने ती बाहेर बसली नव्हती. पण उपासमारीनेही तसे होते. आधी दोनदा तिचे पोट पडलेले. बाळ असेल, तर हातोडा आजच खाली ठेवायला हवा. नसेल, तर मजुरी सोडून चूल कशी पेटायची?

तपासणीला नर बेडूक लागे. बाईची लघवी त्याच्या कातडीखाली टोचायची आणि काही तासांनी त्याच्या लघवीचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. त्यात त्याचे बीज वळवळले, तर बाई गरोदर. पण विहिरी आटलेल्या, बेडूक आणायचा कुठून?

तोच रस्त्यावरून धोंडीचे गाणे आले. कोंडीराम म्हाताऱ्याच्या डोक्यावर लिंबाचा पाला, खांद्यावर मुसळ, मुसळाला बांधलेला बेडूक. बाया त्यावर तांब्याभर पाणी ओतून पाऊस मागत होत्या. बब्रुवान धावला.

"कोंडीबा, हा बेडूक सांजंपतूर द्या. नर हाय का मादी?"

"म्या कशाला बघू? मला काय त्याचं लगीन लावायचंय?"

"दाजी," केशरबाई म्हणाली, "पाऊस उद्या बी मागता येतो. माज्या सुनंचं आजच कळाय पायजे."

म्हाताऱ्याने गाठ सोडली. "जित्ता परत पायजे," म्हणत तो पायरीवरच बसला.

बब्रुवानने बेडूक उलटा केला. अंगठ्यांवर काळे घट्टे, नरच. आधी बेडकाचीच लघवी काचेखाली पाहिली, त्यात बीज नव्हते. मग सिताबाईच्या लघवीची सुई त्याला हळुवार टोचली.

दुपार कलली. बब्रुवानने नवा थेंब काचेवर घेतला, डोळा लावला, आणि त्याचे ऊर भरून आले. भजनात रंगलेल्या मेळ्यासारखे ते इवलेसे जीव नाचत होते, डोलत होते. त्याने सिताबाईला पुढे केले.

"ह्ये माजं लेकरू?"

"न्हाय बाई, ही त्याची साक्ष."

"पावसाला धाडला अन् लेकरू घेऊन आला," कोंडीराम म्हणाला, "आता पुन्ना कामावर लावतो त्याला."

केशरबाईने सुनेच्या तोंडावरून हात फिरवला. "उद्यापसून तू घरी. खडी मी फोडते."

"आत्याबाई, तुमचे गुडघे दुखतेत की."

"मग? गुडघ्यानं फोडायची व्हय खडी?"

सिताबाई पदरात तोंड लपवून खळखळून हसली. कित्येक महिन्यांत त्या माउलीचे हसणे कोणी ऐकले नव्हते.