अँटेना क्रमांक दोन

"हात इथे ठेव. हं, असा."

दादासाहेबांनी माझं मनगट धरलं आणि माझं बोट मायक्रोफोनच्या बटणावर टेकवलं. ते बटण कुठे असतं हे मला माहीत होतं. हौशी रेडिओची परवाना परीक्षा उत्तीर्ण होऊन मला दीड वर्ष झालं होतं. पण खोलीत पाहुणे होते, आणि पाहुण्यांना कुणीतरी माझा हात धरलेला पाहायचा होता.

"ही आमची अंध ऑपरेटर," दादासाहेब म्हणाले. "जन्मापासून काही दिसत नाही. आता बघा, जगाशी कशी बोलते ती."

बंगला त्यांचा होता, कासार आंबोलीतला, पौड रस्त्यापासून आत. शनिवार-रविवारी तिथे आमच्या क्लबाचं केंद्र चाले. दादासाहेब क्लबाचे अध्यक्ष. त्या दिवशी एका कंपनीचे काही अधिकारी क्लबाचं काम पाहायला आले होते. डिसेंबरात चोवीस तासांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती आणि ऑपरेटरांच्या यादीत मला माझं नाव हवं होतं. "एवढं प्रात्यक्षिक नीट होऊ दे, मग घालतो," असा शब्द दादासाहेबांनी दिला होता.

हे माझं चौथं प्रात्यक्षिक होतं.

मी संगणकशास्त्र शिकले आहे. माण गावातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासणं हे माझं काम आहे, त्यामुळे वस्तुस्थिती क्रमाने मांडते. क्लबाचा रेडिओ संगणकावरून चालतो. ते सॉफ्टवेअर निनादने लिहिलेलं. निनाद माझ्याच वयाचा, हुशार. पडद्यावर सोळा बटणं. माझ्या संगणकातला वाचक, म्हणजे पडदा बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, ती मला वाचून दाखवी: बटण. बटण. बटण. एकालाही नाव नाही. कुठलं वारंवारता बदलतं, कुठलं अँटेना बदलतं, हे डोळस माणसाला चित्रावरून कळे. मला शेजारी बसलेल्याला विचारावं लागे.

मी त्या सोळाही बटणांना नावं देणारा कोड लिहिला. निनादला पाठवला. चार महिने तो तसाच पडून होता.

"अगं, वापरणारी तू एकटी," निनाद म्हणाला होता. "टेस्टिंग कोण करणार त्याचं? आणि तुझ्या शेजारी कुणी ना कुणी बसतंच की."

बसत होतंच. हाच तर प्रश्न होता.

तर मी बटण दाबलं आणि पुकारा केला. एकदा, दोनदा, तीनदा. एक गोष्ट मला खटकली होती, हेही नोंदवते. बँड, म्हणजे तो लहरींचा पट्टा, फार शांत होता. दुपारच्या त्या वेळी हेडफोनमध्ये जी खरखर असायला हवी, दूरच्या केंद्रांची जी कुजबुज असायला हवी, ती नव्हती. मी विचारलं, "अँटेना ठीक आहे ना?"

"सगळं ठीक आहे, तू बोल," दादासाहेब म्हणाले. मागे कुणीतरी हसू दाबलं. मला वाटलं, माझ्या घाबरण्याला हसले.

चौथ्या पुकाऱ्याला उत्तर आलं. कोलंबोहून. इंग्रजीत, किंचित चिरका आवाज. त्याने माझा संदेश स्पष्ट येत असल्याचं सांगितलं, हवा विचारली, मी अंध असल्याचं ऐकून 'आश्चर्य' म्हणाला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी हेडफोन फक्त उजव्या कानावर लावते. डावा कान खोलीसाठी मोकळा ठेवते. अंध ऑपरेटरला ही सवय लागतेच. म्हणून पुढचं वाक्य मला दोनदा ऐकू आलं. उजव्या कानात कोलंबोहून, आणि डाव्या कानात खिडकीतून.

"ओ निनादसायेब, च्या निवतोय हितं!"

हिराबाईंचा आवाज. बंगल्याची देखभाल करणाऱ्या हिराबाई.

निनाद व्हरांड्यात बसला होता. त्याच्यापुढे दुसरा, लहान रेडिओ होता. कोलंबो माझ्यापासून पंधरा पावलांवर होतं.

 मी पुन्हा बटण दाबलं. कुणी हात धरला नव्हता.

"कोलंबो," मी म्हणाले, "तुमच्याकडे चहा निवतोय. आधी घेऊन टाका."

एक पाहुणा मोठ्याने हसला आणि मध्येच थांबला. दादासाहेब घाईने म्हणाले, "बरं, बरं. छान झालं. आता लॉगमध्ये नोंद कर आणि संपव."

लॉग म्हणजे संपर्कांची वही. या छंदात तिच्यापुढे कुणाचं वय चालत नाही, कुणाचं पद चालत नाही. संपर्क झाला तर लिहायचा. नाही झाला तर नाही लिहायचा.

"हा संपर्क झालेला नाही," मी म्हणाले. "मी लिहिणार नाही."

"अगं, पाहुण्यांसमोर..."

"लिहिणार नाही."

मी रेडिओच्या मागे हात घातला. जाड केबल सापडली. ती खिडकीकडे, अँटेनाकडे जायला हवी होती. ती टेबलाखाली जात होती. मी गुडघ्यांवर बसले आणि केबलच्या मागोमाग हात नेला. शेवटी एक पत्र्याचा डबा लागला. याला डमी लोड म्हणतात. यंत्र तपासताना तो अँटेनाच्या जागी जोडतात. आवाजाची सगळी शक्ती त्यात जाते आणि उष्णता होऊन जिरते. व्हरांड्याच्या पलीकडे काही जात नाही.

डबा गरम होता. माझं नाव, माझं गाव, माझं संकेतनाम, चार पुकारे. सगळं त्यात होतं.

पडद्यावर लाल चौकोनात 'अँटेना २ : डमी' असं लिहिलेलं होतं, हे मला नंतर कळलं. खोलीतल्या प्रत्येकाला ते वाचता येत होतं. मला माझ्या वाचकाने सांगितलं होतं: बटण.

"वाईट वाटून घेऊ नकोस," निनाद आत येऊन म्हणाला. "लाइव्हवर काही चुकलं असतं तर? आम्ही सेफ्टी म्हणून केलं."

"मागच्या तीन वेळा?"

तो वाकून डब्याची केबल सोडवू लागला.

"निनाद, पहिल्या वेळी मॉरिशस आलं होतं. ते खरं होतं?"

"आठवत नाही गं. खरंच."

हिराबाई दारात उभ्या होत्या. "मला काय ठावं बाय, तुमचं काय चाललंय," त्या म्हणाल्या. "मी आपली च्यासाठी वरडले." त्यांनी कप माझ्या हातात दिला. निवलेला होता. मी प्यायले आणि निघाले.

घरी, जांबे गावात पोचले तेव्हा माझे वडील, आबा, मेंढरं वाड्यात घालत होते. आयटीवाल्यांच्या इमारती आमच्या चराईच्या कडेपर्यंत आल्यात; आबा अजून मेंढरं राखतात. मॉरिशसची गोष्ट त्यांनी सगळ्या गावाला सांगितली होती. चावडीवर, दूध डेअरीत, भाडेकरूंना. माझ्या लॉगमध्ये एकोणीस संपर्क होते, सगळे त्या खोलीतले, सगळे कुणीतरी शेजारी बसून करवलेले. ज्या मापनाचं उपकरण खोटं निघालं, त्याचा एक आकडाही ठेवता येत नाही. मी एकोणीसही खोडले.

"मंग मॉरिशस बी गेलं व्हय?" आबांनी विचारलं.

"गेलं, आबा."

"मी लई जनांस्नी सांगितलंय की गं."

"त्यांना आता हेही सांगा."

त्यांनी वाड्याचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, "न्हाई. ते तूच सांग. माज्यानं न्हाई व्हायचं."

मी सांगितलं. डेअरीत उभं राहून सांगितलं. "म्हंजे तुला फशिवलं त्यांनी," एक म्हातारा म्हणाला.  मी हो म्हणाले.

त्यानंतर मी स्वस्थ बसलेली नाही. ऑफिसातून येते, जेवते, कोडला बसते. संपूर्ण सॉफ्टवेअर मी नव्याने लिहिलं आणि कुणालाही फुकट घेता येईल असं ठेवलं. प्रत्येक बटणाला नाव आहे. छतावर माझी स्वतःची अँटेनाची तार आहे आणि शेजारची खुर्ची मी उचलून ठेवली आहे. लॉगमध्ये आज तीन संपर्क आहेत. समोरच्या केंद्रांनी पाठवलेली तिन्हींची पुष्टीपत्रं माझ्याजवळ आहेत.

या सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक गोष्ट आहे. बोलण्याआधी ते अँटेनाचं नाव उच्चारतं. हेडफोनमध्ये नाही, स्पीकरवर. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मागच्या आठवड्यात निनादचा फोन आला. "तुझं व्हर्जन आमच्यापेक्षा चांगलं आहे. दादासाहेबही म्हणतात, तेच वापरू. यंदा यादीत तुझं नावही आहे. फक्त ते अँटेनाचं बोलणं ऑड वाटतं गं, पाहुणे असले की. ते बंद करायचा ऑप्शन टाक ना."

एरवी माझं मत स्पष्ट आहे: प्रत्येक आवाज वापरणाऱ्याला बंद करता यायला हवा. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये बाकी सगळे आवाज बंद होतात.

"हा होणार नाही," मी म्हणाले. "आणि यादीतून माझं नाव काढ. मी माझ्या छतावरून उतरणार आहे स्पर्धेत. तुमच्याविरुद्ध."