एकच आडवी रेघ

परब सर गेल्याचं मला घाटकोपरच्या सायक्लोस्टाईलवाल्याकडे कळलं. नव्या पत्रकाचं स्टेन्सिल घेऊन मी उभा होतो आणि यंत्रातून आमच्याच जुन्या कॉलेजच्या शोकसभेचं निमंत्रण निघत होतं. "हे तुमचेच सर ना रे?" दुकानदाराने ओल्या शाईचा कागद माझ्या हातात दिला. त्यावर छापलं होतं, 'कुटुंबाला वेळ देता यावा म्हणून सरांनी प्रयोगशाळेचा कार्यभार स्वेच्छेने सोडला होता.' सभेत संस्थेच्या अध्यक्षांनी हेच वाक्य गहिवरून म्हटलं. लोकांनी माना डोलावल्या.

खोटं आहे हे. सरांनी प्रयोगशाळा सोडली नव्हती, त्यांच्याकडून ती काढून घेतली होती. आणि त्यात माझाही हात होता.

मुलुंडच्या त्या कॉलेजात सर आम्हाला फिजिक्स शिकवायचे. लंबकाच्या प्रयोगाचं उत्तर नऊशे ऐंशीच्या आसपास येतं हे आम्हाला आधीच माहीत असायचं, म्हणून आम्ही उत्तरावरून उलटे आकडे बसवायचो. सर जर्नल बघायचे, मग आमच्याकडे बघायचे. "उत्तर घरून आणलंस, तर दोरी कशाला टांगलीस रे?" त्यांचा नियम एकच होता. रीडिंग शाईने लिहायचं. चुकलं तर खोडरबर नाही, ब्लेडने खरवडणं नाही... एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि वर बरोबर आकडा. तपासून झालं की खाली लिहायचे, 'बाकी बरोबर', आणि सही.

घराचं निमित्त पुढे करणाऱ्यांनी त्यांचं घर कधी पाहिलंच नाही. काकूंची टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पाळीची नोकरी. त्यामुळे कुर्ल्याच्या त्या दोन खोल्यांत मुलींच्या वेण्या, डबे, माशांचं कालवण, सगळं सर करायचे आणि तरीही प्रयोगशाळेत सगळ्यांच्या आधी हजर असायचे. गॅलरीत कपडे वाळवायच्या दोरीला त्यांनी एक पितळी कुलूप सुतळीने टांगलं होतं. भात शिजेपर्यंत मुली त्याचे झोके मोजायच्या. घर आणि प्रयोगशाळा यांतलं एक निवडायची त्यांना कधी गरजच पडली नाही.

मग अध्यक्षांचा भाचा प्रॅक्टिकल परीक्षेतून अर्ध्या तासात उठून गेला. सरांनी अर्ध्या तासाच्या कामाचे मार्क दिले. वाढवा म्हणून निरोप आला, सरांनी नकार दिला. मी पेटलो. पत्रक काढलं, सगळा प्रकार लिहिला, आणि वर ठळक ओळ टाकली : 'भाचा परीक्षेला आलाच नाही!' तो आला होता हे मला ठाऊक होतं. पण 'अर्धा तास आला होता' ही काय घोषणा आहे?

चौकशी बसली. पत्रक सरांपुढे ठेवून विचारलं, हे खरं आहे का? मला काही माहीत नाही, एवढं म्हटलं असतं तरी ते सुटले असते. सर म्हणाले, "पहिली ओळ खोटी आहे. मुलगा आला होता." समितीला तेवढंच हवं होतं. एक ओळ खोटी, म्हणजे सगळंच खोटं. भाच्याचे मार्क वाढले आणि विद्यार्थ्यांना भडकावल्याचा ठपका ठेवून सरांच्या हातातून प्रयोगशाळेच्या किल्ल्या काढून घेतल्या.

मी तडक त्यांच्या घरी गेलो. सर धाकटीची वेणी घालत होते.

"सर, गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

"काय रे पुढारी, तो आला नव्हता, हे तू बघितलंस?"

"पण बाकीचं सगळं खरं होतं ना!"

"मग खऱ्याला खोट्याचा टेकू कशाला लावलास?"

"बाबा, दुखतंय!" धाकटी ओरडली.

"गप गो," म्हणत त्यांनी रिबिनीची गाठ आवळली. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी जिना उतरलो तो परत चढलोच नाही. मला त्यांचा राग आला होता. त्यांच्या सरळपणाचा, माझ्या त्या ओळीचा, कशाचा ते आजही नीट सांगता येत नाही... उद्या जाऊ, परवा जाऊ, करत कॉलेजही सुटलं आणि दोन वर्षं गेली.

शोकसभेनंतर गेलो. कुलूप दोरीला तसंच लटकत होतं. काकूंनी खाकी कव्हरची एक वही पुढे केली. "तुझ्यावर रागावले नव्हते रे ते. वाट बघायचे." आत माझं पत्रक चिकटवलेलं होतं. पहिल्या ओळीवर शाईची एकच आडवी रेघ. वर त्यांच्या अक्षरात, 'आला होता. अर्धा तास.' आणि अगदी तळाशी, 'बाकी बरोबर.' खाली सही.

शोकसभेचं निमंत्रण माझ्या खिशात होतं. काकूंकडून पेन मागून घेतलं. 'कुटुंबाला वेळ'पासून 'सोडला होता'पर्यंत एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि वर लिहिलं, 'प्रयोगशाळा काढून घेतली होती.' मग 'बाकी बरोबर' लिहायला तळाशी गेलो आणि थांबलो. बाकी उरलं होतं ते फक्त त्यांचं नाव आणि सभेची वेळ. तेवढं बरोबर होतं. लिहिलं.

धाकटी खांद्यावरून बघत होती. "सही राहिली, दादा."

मी सही केली.