पूर्णेच्या पुलावरची हजेरी

रूथबाई माझी शेजारीण, भिंतीला भिंत लागून. दिवाळी झाली की ती दर्यापूरकडच्या आपल्या माहेरी जाते. तिथल्या जुन्या ख्रिस्ती कब्रस्तानात लढाईवर जाऊन आलेल्या अकरा फौजींच्या कबरी आहेत. वर्षातून एक दिवस गाव त्यांची आठवण करतं. तिचे वडील योहान त्यातलेच. यंदा म्हणाली, "चाल ना वं माझ्यासंगं. घरी काय करून राहिली?" माझेही बाबा फौजी. निघाले.

जाणाऱ्यांसाठी सांगते, अकोल्याहून सकाळची बस धरा. बायांना अर्धं तिकीट आहे. मी देवपूजा उरकून, भाकरी-ठेचा बांधून घेतला होता.

वाटेत पूर्णेचा पूल आला तसे मी हात जोडले. बाबांची राख इथेच सोडली.

"नाव काय होतं वं त्यायचं?" रूथबाईने विचारलं.

"नामदेव."

"कधी सांगतलं नाही मले."

"तू कधी इचारलं?"

दर्यापूरच्या स्टँडवर तिच्या आग्रहाने गिला वडा खाल्ला. डबा सोबत असताना वीस रुपये गेले याची चुटपुट लागली, पण चव विसरणार नाही. पुढे जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई असेल तर जाऊच नका.

कब्रस्तान म्हणजे कपाशीच्या वावरांमध्ये एक कुंपण आणि दोन कडूनिंब. दगडांना ताजा चुना दिलेला. रूथबाईने पदराने वडिलांचा दगड पुसला, त्याला टेकून बसली आणि बोलायलाच लागली. "बाबा, गुडघे लय दुखून राहिले. लहान्याचं लग्न जमलं बरं."

खरं लिहिते, मला तिचा हेवा वाटला. आमच्याकडे तेराव्यापर्यंत सगळं आटोपतं. बाबांना कुठे ठेवलं म्हणून दाखवायला काही नाही. भिंतीवर फोटो आहे, पण फोटोला टेकून बसता येत नाही. आणि हिच्याजवळ बसायला अख्खा दगड, वर नाव कोरलेलं!

त्याच तंद्रीत मी पिशवीतली डबी काढली आणि देवाला लावावं तसं दगडाला कुंकू लावलं. मागून एक म्हातारी ओरडली, "अवो बाई, योहानले कुंकू कावून लावून राहिल्या?"

सगळे हसले. मी शरमेने पुसायला गेले, तर रूथबाईने हात धरला. "राहू दे. फौजेत सारे एकाच पंगतीत जेवत."

मग हजेरी झाली. एक निवृत्त सुभेदार कागदावरून नाव पुकारतात आणि त्या घरचं माणूस "हजर" म्हणतं. योहानचं नाव आलं तेव्हा रूथबाई ताठ उभी राहिली. तिच्या त्या ताठ मानेचाही मला राग आला. अकरा नावं झाली. सुभेदारांनी कागद उलटवला.

"शिपाई नामदेव."

कित्येक वर्षांत ते नाव कोणी असं मोठ्यानं घेतलं नव्हतं. सुभेदारांनी पुन्हा पुकारलं. शेजारून खणखणीत आवाज आला, "हजर!"

रूथबाई. नाव तिनेच लिहून दिलं होतं. उपकार मोठा, कळतं मला. पण स्वतःच्या बापाच्या दगडाला टेकून बसणारी ही, माझ्या बापाचं "हजर"ही हिनेच म्हणावं? जीपमध्ये मी तिच्याशी बोलले नाही. डबा उघडला, तेव्हा ठेचा मात्र दिला.

परतीच्या बसमध्ये पूर्णेचा पूल आला. मी जागेवरून उठले, खिडकीची दांडी धरली आणि ओरडले, "हजर!"

कंडक्टर दचकला. "मावशी, लागली तुमची हजेरी. बसा आता, पडसान!"

रूथबाई खिडकीबाहेर बघत राहिली. डोळे पुसत होती.

घरी येऊन आठ दिवस झाले. दगडाचा हेवा गेलेला नाही; चुन्याचा पांढरा रंग अजून डोळ्यांपुढे येतो. काल भिंतीपलीकडून तिने विचारलं, "पुढच्या साली नाव ठेवू का वं कागदावर?"

"ठेव," म्हटलं. "पण तू तोंड उघडायचं नाही."