शनी महाराजांना पिस्टन रिंग

आमच्या घरी एक मोटरसायकल आहे. गेल्या दोन वर्षांत ती एकूण तेरा फूट चालली, तीही वऱ्हांडा धुवायचा होता म्हणून.

साधीसुधी मोटरसायकल नाही हं! मोटोक्रॉस! रस्त्यावर चालायला नव्हे, मातीच्या टेकाडांवरून उडायला जन्माला आलेली. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच तेल मिसळून पाजायचं. ना हेडलाइट, ना नंबर प्लेट, ना मागे बसायला जागा. ("म्हणजे मला कुठं नेणारच नाही तुम्ही!" हा बायकोचा पहिला आक्षेप.) सदर छावणीतले एक फौजी साहेब बदली होऊन चालले होते, त्यांच्याकडून मी ती आणली. मी पन्नाशीतला माणूस, फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये दिवसभर नट-बोल्ट देणारा. पण तिच्यावर बसलो, की अधारतालचा आमचा वऱ्हांडा हळूहळू विरघळायचा. परियट नदीकडची मुरमाची टेकाडं दिसायला लागायची, चाकं जमीन सोडायची, आणि मी ढगांच्या बुडाला हात लावून परत यायचो. इंजिन बंद असल्यामुळे आवाज तेवढा तोंडानं काढावा लागे. "ढुर्रर्र... रँऽऽऽग!"

"दूधवाल्यानं आज पुन्हा विचारलं, बाबूजींची तब्येत ठीक आहे ना म्हणून," रेखा, म्हणजे आमची बायको, सांगायची.

गाडीचं दुखणं एकच होतं. पिस्टनभोवती एक लोखंडी रिंग असते, बांगडीएवढी, बारीक, एका जागी चिरलेली. ती झिजली होती, म्हणून इंजिन दम धरत नव्हतं. नवी रिंग मी परदेशातून मागवली. चार महिन्यांनी आली, सोबत एक चिठ्ठी: हा शेवटचा नग, आता हे मॉडेल बंद. आणि ती आली त्याच शुक्रवारी रेखानं फर्मान काढलं.

"अहो, रविवारी दहाला कबाडी येऊन राहिला भंगार न्यायला. तोवर सुरू झाली तर ठेवा. नाही तर जाऊ द्या तिला एकदाची!"

"होईल गं. अख्खा शनिवार आहे माझ्याकडे."

शनिवार! घोडं तिथंच पेंड खात होतं.

बसवण्याआधी रिंग तेलात मुरवावी, असं फौजी साहेबांनी सांगितलं होतं. शनिवारी सकाळी मी स्टीलच्या वाटीत तेल ओतलं, रिंग बुडवली आणि वाटी फाटकाजवळच्या कट्ट्यावर ठेवली. जुनी रिंग मापाला असावी म्हणून हाफपँटच्या खिशात टाकली. मग म्हटलं, ती मुरते तोवर थोडा सराव करावा. हेल्मेट घातलं, गॉगल चढवला, बसलो. बनियनवर.

मी तिसऱ्या टेकाडावरून उडत होतो, तेवढ्यात खालून आवाज आला, "जय शनी महाराज!" आमच्या गल्लीत दर शनिवारी एक महाराज येतात. हातात तेलाची बादली, बादलीत शनिदेवांची छोटी लोखंडी मूर्ती. लोक तेल घालतात, खिळा-बिळा टाकतात, पीडा टळली म्हणून निश्चिंत होतात. आई (वय ऐंशी, नजर अधू, श्रद्धा शाबूत) फाटकाशी गेली. कट्ट्यावर वाटी, वाटीत तेल, तेलात लोखंड आणि वार शनिवार! तिच्या जागी कुणीही असता तरी हेच समजला असता. तिनं रीतीप्रमाणे तेलात आपला चेहरा पाहिला आणि वाटी बादलीत रिकामी केली. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. नुसतं पाहिलं असं नाही, मी वरून एका हातानं नमस्कारसुद्धा केला!

टेकाडावरून उतरायला मला दहा मिनिटं लागली.

"आई, इथली वाटी कुठं गेली?"

"घासायला टाकली. चांगलं केलं रे विजू, स्वतःहून दान काढून ठेवलं! मला वाटे, तुझं देवाधर्मात लक्षच नाही."

"अगं, त्यात माझी रिंग होती!"

"मग? लोखंड लागतेच ना!"

मी धावलो. हेल्मेट काढायचं भान कुणाला होतं! अधारतालच्या मेन रोडवर लोकांनी एक अपूर्व दृश्य पाहिलं: बनियन, हाफपँट, हेल्मेट, गॉगल, आणि खाली गाडी नाही. एका ऑटोवाल्यानं कळवळून विचारलं, "अंकल जी, गाड़ी पीछे छूट गई क्या?"

महाराज एका भाजीच्या ठेल्याजवळ सापडले. बादलीत डोकावलो आणि थबकलोच. त्यांनी माझी रिंग मूर्तीच्या मागे उभी खोचली होती. प्रभावळ! काय फिट बसली होती! उन्हात तेलानं झळकत होती, बाया-माणसं वाकून हात जोडत होती. खरं सांगतो, मला भरून आलं. आमच्या घरात तिला एवढा मान कधीच मिळाला नसता.

"महाराज, ये रिंग मेरी है. गलती से आ गई."

"दान का लोहा ऐसे नहीं लौटता, बाबूजी. लोहे के बदले लोहा दो."

खिशात जुनी रिंग होती! आयुष्यात पहिल्यांदाच मला हवी ती वस्तू हव्या त्या वेळी खिशात सापडली. महाराजांनी नवी काढून माझ्या एका हातावर ठेवली. जुनी त्यांच्या सांगण्यावरून मी तेलात बुडवून दुसऱ्या हातात धरली. आता दोन्ही हातांत एकेक रिंग, दोन्ही काळ्या, दोन्ही तेलकट.

"अब आँखें बंद करो, और माफी माँगो."

माझ्यासारख्याला कुणी कधी डोळे मिटायला सांगू नये. मिटले मात्र, आणि भाजीचा ठेला विरघळला. परियटवर ऊन उतरलं होतं, मुरमाचा वास येत होता, नवी रिंग बसवलेली गाडी माझ्याखाली गुणगुणत होती. उजव्या हातानं ॲक्सिलरेटर, डाव्यानं क्लच, पुढे सगळं आभाळ मोकळं...

"बाबूजी! चढ़ाओ भी!"

मी दचकलो. घाईघाईनं एक रिंग मूर्तीमागे चढवली, एक खिशात घातली आणि विजयी वीरासारखा घरी आलो. दुपारभर बसून इंजिन जोडलं.

रविवारी दहाच्या ठोक्याला कबाडी ठेला घेऊन हजर. सगळ्यांसमोर मी किक मारली. दुसरी मारली. चाळिसाव्या किकला माझाच दम उखडला, इंजिनाला तर तो नव्हताच.

"झालं?" रेखा म्हणाली. आवाज मात्र बराच मऊ होता, त्यानं मला जास्तच रडू यायला लागलं.

"पाच मिनिटं दे गं." मी इंजिन उघडलं. कबाडीनं रिंग बाहेर काढून उजेडात धरली.

"बाबूजी, ये तो पूरी घिसी हुई है."

"मग नवी कुठं आहे?" रेखानं विचारलं.

मला तो ठेला आठवला, ते दोन तेलकट हात आठवले, ते मोकळं आभाळही आठवलं. "शनी महाराजांच्या मागे," मी म्हणालो.

रेखा पायरीवर बसली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. कबाडी गाडीला हात घालणार, तोच आई काठी टेकत मध्ये आली.

"खबरदार! हिचं लोखंड शनी महाराजांच्या अंगावर आहे. आणि तुम्ही हिला भंगारात घालून राहिले? साडेसाती लावायची का घराला?"

"अगं, पण मग पुढच्या शनिवारी मी ती रिंग परत..."

"एकदा मागितली, तेवढं पाप पुरे! दिलेलं दान दोनदा मागते का कोणी?"

कबाडीनं घाईनं गाडीला नमस्कार केला आणि रिकामा ठेला ढकलत निघून गेला. रेखा पदरानं डोळे पुसत म्हणाली, "राहू द्या मग. पण ती तुळशीजवळ तरी सरकवा, दार अडते."

तर गाडी वाचली! माझ्या हुशारीनं नव्हे, गाढवपणानं. आता दर शनिवारी आई हँडलवर जास्वंदीचं फूल ठेवते, दूधवालाही हात जोडून पुढे जातो. नंतर हेल्मेट घालून मी वर बसतो, डोळे मिटतो, आणि परियटची टेकाडं अजूनही येतात.

इंजिनाचा आवाज मात्र अजूनही मलाच तोंडानं काढावा लागतो.