शिओनचा हात आठ चित्रं आधी

हिसामात्सुसान सकाळी आठ चाळीसला स्टुडिओत येत, कारण कुनिएदासान आठ पंचेचाळीसला येत. एका वर्षी कुनिएदांच्या घराजवळून नवी बस सुरू झाली आणि ते साडेआठला येऊ लागले. त्याच आठवड्यापासून हिसामात्सु आठ पंचवीसला हजर. हे सगळ्या स्टुडिओला कळत होतं. कळत नव्हतं ते फक्त कुनिएदांना.

नेरिमा या उपनगरात, रेल्वे फाटकापलीकडे आमचा हा ॲनिमेशनचा छोटा स्टुडिओ. दोघं एकोणीस वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर चित्रं काढत होते. मी मागच्या भिंतीशी बसून आकाशं आणि शाळांचे जिने रंगवायचो, त्यामुळे हे युद्ध मला फुकट बघायला मिळे. युद्ध म्हणजे तसं एकतर्फीच. हिसामात्सु काटकुळे, कपाळाला कायमची आठी. कुनिएदा नव्वद किलोंचे, दुपारी भाताचा गोळा खाऊन डोळे मिटून हसणारे. आमच्याकडे चित्रात चूक सापडली की त्यावर पिवळ्या कागदावर काढलेली दुरुस्ती येते. हिसामात्सु स्वतःचे पिवळे कागद मोजत आणि कुनिएदांचेही. कुनिएदांचे जास्त भरले की त्या दिवशी ते शीळ घालत घरी जात.

मग टेबल टेनिसची मालिका आली. तिचा नायक हारुता कुनिएदांकडे, आणि हारुताला हरवायच्या ध्यासाने पेटलेला शिओन हिसामात्सुंकडे. लग्नं जमवणाऱ्या म्हातारीलासुद्धा इतकी चोख पत्रिका जुळवता आली नसती. शिओन दर भागात डोळे बारीक करून म्हणे, "हारुता, तुला हरवल्याशिवाय मी हसणार नाही!" तीन वर्षं तो पोरगा हसला नव्हता. त्याची ती जळजळीत नजर देशभरातल्या मुलांना प्रिय होती. ती काढायला हिसामात्सुंना आरसा लागत नसे. शेजारच्या टेबलाकडे पाहिलं की काम भागे.

आणि शेवटून दुसऱ्या भागात शिओन हरला. हरला तर हरला, पण पटकथेत पुढे लिहिलं होतं: दमून जमिनीवर कोसळलेल्या हारुताला तो हात देऊन उठवतो.

एरवी असा प्रसंग एकच माणूस काढतो. पण दिग्दर्शिका आकुत्सुबाई हिसामात्सुंना म्हणाल्या, "तीन वर्षं ज्याने त्याने आपापलं पोर सांभाळलंय. हारुता कुनिएदासान काढतील, शिओन तुम्ही काढा. वेगवेगळ्या कागदांवर काढा, एकावर एक ठेवले की हातात हात आला पाहिजे."

मंगळवारी दोन्ही गठ्ठे आले. बाईंनी ते खालून उजेड येणाऱ्या काचेवर एकत्र लावले, हालचाल दिसावी म्हणून बोटांत धरून सळसळवले, आणि चष्मा काढला.

"हिसामात्सुसान, शिओन कोणाचा हात धरतोय?"

"हारुताचा."

"हारुताचा हात अजून जमिनीवर आहे. तुमचा शिओन आठ चित्रं आधीच पोचलाय. हवेशी हस्तांदोलन चाललंय त्याचं."

सेकंदाला चोवीस चित्रं, म्हणजे आठ चित्रं हा सेकंदाचा तिसरा हिस्सा. तेवढ्यात तर पडद्यावर माणूस मरून जिवंतही होतो.

भल्या स्वभावाच्या कुनिएदांनी रात्रभर उशी उलटसुलट केली असणार. बुधवारी सकाळी त्यांनी गुपचूप हारुताचा हात आठ चित्रं अलीकडे आणला. हिसामात्सुंनी पाणी प्यायला उठल्यासारखं करून त्यांच्या टेबलावरचे आकडे पाहिले. हारुता पुढे सरकलाय! त्यांनी बसल्याबसल्या शिओनला आणखी आठ चित्रं पुढे नेलं.

बाईंनी पुन्हा गठ्ठे एकत्र लावले.

"आता तर कमाल झाली. अहो, पोरगं अजून पडलंसुद्धा नाही, आणि हा उचलायला हजर! अग्निशामक दलात होता का तुमचा शिओन?"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

"उद्या दुपारपर्यंत जुळलं नाही, तर दोन्ही पोरं कुनिएदासान काढतील. मला दुसरा इलाज नाही."

हिसामात्सुंचा चेहरा कागदासारखा झाला. तीन वर्षं वाढवलेला शिओन, आणि त्याचा सगळ्यात मोठा प्रसंग शेजारच्या टेबलावर! त्या दिवशी त्यांनी पिवळे कागदसुद्धा मोजले नाहीत.

गुरुवारी अकरा वाजता बाई हातात स्टॉपवॉच घेऊन आल्या. "उठा दोघं. करून दाखवा. कुनिएदासान, तुम्ही पडा."

"मी? पडू?"

"नायक तुम्हीच ना?"

दोन टेबलांमधल्या जागेत कुनिएदा खाली बसायला लागले. त्यांचे गुडघे अर्धे वाकले असतील-नसतील, तोवर हिसामात्सुंचा हात पुढे.

"परत!" बाई म्हणाल्या.

दुसऱ्यांदा कुनिएदा खाली टेकले, पण आडवे व्हायच्या आत हात हजर. "परत!"

तिसऱ्या वेळी कुनिएदा खरोखरच दमले होते. सपशेल उताणे पडले, पोट वरखाली होऊ लागलं. "जरा... जरा श्वास घेऊ द्या हो. मी काही सोळा वर्षांचा नाही."

हिसामात्सु वाकून हात पुढे धरून उभे राहिले. मागे घ्यावा तर बाई ओरडणार. पुढे न्यायला काही उरलं नव्हतं. म्हणून ते थांबले. खालचा माणूस हसत होता, धापा टाकत होता, आणि ते थांबले होते. मग कुनिएदांचा जाडजूड हात हळूहळू वर आला. हिसामात्सुंनी तो धरला आणि ते चमकले. मधल्या बोटाला, नखाशेजारी, पेन्सिलीचा घट्टा. त्यांच्या स्वतःच्या बोटाला होता, नेमका तिथेच.

त्यांनी ओढलं. नव्वद किलो जागचे हलले नाहीत. आणखी जोर लावला, सपाता घसरल्या आणि शिओन थेट हारुताच्या पोटावर जाऊन पडला.

"किती चित्रं झाली?" कुनिएदांनी खालूनच विचारलं.

मग हिसामात्सुंच्या तोंडून ते निघालंच. "कुनिएदासान, मी एकोणीस वर्षं तुमच्याशी स्पर्धा करतोय."

"कसली?"

"सगळ्याचीच. आधी कोण येतं, पिवळे कागद कोणाला जास्त..."

"अरेच्चा! मला वाटायचं तुमच्या घरी सकाळी भांडणं होतात, म्हणून लवकर येता. मी तर बायकोला म्हणायचो, बिचारे हिसामात्सुसान." मग त्यांनी विचारलं, "कोण जिंकतंय?"

"...माहीत नाही."

"मला सांगायचं तरी! मी थोडा पळालो असतो."

पोटावर पडल्यापडल्या हिसामात्सु हसले. कसे हसले म्हणाल, तर दाराचं बिजागर पहिल्यांदा हलावं तसे. बाईंनी स्टॉपवॉच थांबवलं. "झालं का? आता उठा आणि काढा."

दोघं एकाच काचेपाशी बसले. हारुताचा हात निघाला की हिसामात्सु विचारत, "पोचला?" कुनिएदा म्हणत, "थोडं थांबा." हिसामात्सु थांबत. मधली सहा चित्रं शिओन नुसता वाकून हात धरून उभा आहे. काही करत नाही. त्या सहा चित्रांत त्याची नजर कधी निवळली ते मला कितीदा पाहूनही सापडलं नाही.

दीड वाजता बाईंनी गठ्ठा सळसळवला. एकदा. पुन्हा एकदा. हात हातात पडला. त्यांनी पिवळ्या कागदांकडे पाहिलंही नाही, गठ्ठ्यावर शिक्का मारला आणि त्या म्हणाल्या, "शिओन तुमचाच. शेवटच्या भागातही."

हिसामात्सुंनी टेबलावर डोकं टेकलं आणि इतका लांब श्वास सोडला की माझं ओलं आकाश वाळलं.

रविवारी कुनिएदांनी आम्हा दोघांना त्यांच्या गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात नेलं. दारातच अट घातली, "कोण जास्त वेळ गरम पाण्याच्या हौदात बसतं ते मोजायचं नाही." हिसामात्सु बराच वेळ विचार करून "बरं" म्हणाले. चौथ्या मिनिटाला ते उकडलेल्या खेकड्यासारखे लाल होऊन उभे राहिले.

"मी निघतो," ते म्हणाले. "तुम्ही बसा निवांत. बाहेर तिघांसाठी थंड दूध घेऊन ठेवतो."