मासिना खुर्चीवर का बसेना

माझी धाकटी बहीण एसेता भांडकुदळ नाही, हे आधीच सांगते. भांडकुदळ मी. तिला कुणी बोललं की ती मान खाली घालते, आणि मग मला तोंड उघडावं लागतं. गेली चौदा वर्षं हेच चाललंय, म्हणजे मासिना जन्मल्यापासून. मासिना तिची एकुलती लेक. पोर बुद्धीने मागे राहिली, बोलते मोजकंच, पण आमच्या गावात तिच्याइतकं कुणी हसत नाही.

तिचे दात घासणं म्हणजे रोजची कुस्ती. एसेता तिला मांडीत धरणार, मी ब्रश चालवणार, आणि दोन मिनिटांत तिघींच्या अंगावर फेस. एसेताच्या अंगठ्यावर अजून चाव्याचा वण आहे. एवढं करून दवाखान्यात ऐकायचं काय, तर आईचं लक्ष नाही. आणि ज्यांचं लक्ष असतं ते काय करतात? पोर दिसली की बिचारी म्हणत तिच्या हातावर साखरेची गोळी ठेवतात. मीही त्यातलीच. नारळाच्या दुधातला गोड पाव मी एसेताच्या नकळत तिला किती वेळा चारलाय, ते विचारूच नका.

व्हायचं तेच झालं, दाढ किडली. मासिना जेवेना, हसेना, नुसती गाल धरून बसायची. जिल्ह्याच्या दवाखान्यातले दातांचे डॉक्टर फिलिपो म्हणाले, दाढ अजून वाचेल, भूल न देता भरता येईल, पण पोरीने खुर्चीत बसून तोंड उघडायला हवं. नाहीतर राजधानीला, आपियाला नेऊन पूर्ण भूल देऊन काढावी लागेल. मासिनाचं हृदय जन्मापासून नाजूक. भुलीचं नाव ऐकलं आणि एसेताच्या तोंडचं पाणी पळालं.

दोनदा आम्ही दोघी तिला घेऊन गेलो, भिंतीशी चटई टाकून बसलो, आणि दोन्ही वेळा तशाच परत आलो. मासिना खुर्चीपर्यंत जायची आणि तिथेच उभी राहायची. घाबरते, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून तिसऱ्या खेपेला धीर द्यायला आम्ही तावीताकाकांनाही नेलं. काका आमच्या घराण्याचे मताई, म्हणजे प्रमुख. त्यांचा शब्द आमच्यात कुणी मोडत नाही. आत शिरताच त्यांच्यासाठी चटई अंथरली आणि घरी बसतो तसे तिघंही मांडी घालून बसलो.

मासिनाने खुर्चीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि पुन्हा तेच. डॉक्टरांनी गाणं म्हटलं, हातात आरसा दिला. मी उठून तिच्यापाशी जाऊन दटावून पाहिलं. शेवटी काका कावले.

"एसेता, लाडावून ठेवलीस तू हिला. काही शिकवलंच नाहीस."

एसेताचा बांध फुटला. असा राग आला मला काकांचा, पण त्यांच्यापुढे माझीही जीभ रेटेना. डॉक्टरांना तिची दया आली. त्यांनी आपलं स्टूल पुढे सरकवून तिला वर बसवलं. ती बसली मात्र, मासिना एक पाऊल खुर्चीकडे सरकली. मग काकांकडे पाहून थबकली. एसेताने ते टिपलं आणि डोळे पुसले.

"ती घाबरत नाहीये, डॉक्टर. काका खाली बसलेत ना, म्हणून ती वर बसत नाही."

थोरली माणसं जमिनीवर असताना पोरांनी उंच बसायचं नाही, हे आमच्याकडे चालायला लागल्यापासून शिकवतात. फक्त मासिनालाही ते कळत असेल, असं आमच्या शहाण्या डोक्यांत आलंच नाही. काकांना वर बसवावं, तर स्टूल एकच, आणि काकांचे गुडघे म्हणजे एकदा बसले की बसले.

"मासिना," एसेता म्हणाली, "आज पांढरा रविवार आहे."

ऑक्टोबरातल्या त्या एका रविवारी आमच्याकडे सगळं उलटं असतं. पोरं वर बसतात, आधी जेवतात, आणि मताईसुद्धा त्यांना वाढतात. मासिनाने खात्री करायला काकांकडे पाहिलं. वार होता मंगळवार. काका उभ्या जन्मात खोटं बोललेले नाहीत, निदान त्यांचं तसं म्हणणं आहे. त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"हो बाई, पांढरा रविवारच. बस वर."

पोर टुणकन चढली आणि आता वाढा म्हणून हा एवढा मोठा आ केला. डॉक्टरांनी किडका भाग यंत्र न लावता बारीक अवजाराने कोरून काढला आणि दाढ भरली. एसेताचा हात तिने दाबून लाल केला, पण तोंड मिटलं नाही.

उतरल्यावर दाराकडे जायचं तर वाट काकांच्या पुढून होती. मासिना कमरेत वाकली, एक हात खाली धरला आणि औषधाने कडवटलेल्या तोंडाने म्हणाली, "तुलोऊ." थोरांच्या पुढून जाताना आम्ही असंच म्हणतो. मी मघाशी तिथूनच ताठ गेले होते.

काका म्हणाले, "चुकलो मी, एसेता. सगळं शिकवलंस तू."

एसेता रडता रडता हसायला लागली, आणि मीही.

घरी आल्यावर मासिना सरळ उंच बाकावर जाऊन बसली आणि ताट मागितलं. पांढरा रविवार होता ना. मंगळवारच्या त्या दुपारी काकांनी स्वतःच्या हातांनी तिला वाढलं.