पंचिंगकाकूंचे डोळे

पंचिंगवाल्या काकू कुणाच्या बापाला भिणाऱ्या नव्हत्या. एकवीस वर्षं छापील शीट पंचिंग मशीनच्या जबड्यात सरकवून त्यांनी खोकी कापली आणि दहाही बोटं शाबूत ठेवली. औषधाच्या खोक्याची घडी छापलेल्या रेघेवरून केसभर हलली तरी त्या मशीन थांबवायच्या. "कोण बघतंय?" म्हणणाऱ्याला विचारायच्या, "मी कोण, भिंत?"

आणि त्याच काकूंना खोक्यांच्या कारखान्याचा मालक सगळ्यांसमोर म्हणाला, "काकू, डोळे गेले तुमचे." आठ हजार शीटांपैकी पहिली तीन हजार झकास कापली गेली होती. पुढच्या काही शेकड्यांत मात्र एक बरोबर, तर दुसरं दोन मिलिमीटर वाकडं. "उद्यापासून कचऱ्याच्या टेबलावर बसा."

त्या टेबलावर खोक्यांभोवतीचे उरलेले तुकडे हाताने तोडायचे. कामात कमीपणा नव्हता. पण आंधळी ठरवून तिथे बसवणार, हे काकूंच्या जिव्हारी लागलं.

त्यांनी वीस शीटं आणि पट्टी घेतली. चांगल्या शीटांवर छपाई डाव्या कडेपासून सारख्या अंतरावर होती. बिघडलेल्यांवर डावीकडून प्रत्येकाचं अंतर वेगळं, उजवीकडून मात्र सारखं. कागद कधीच तंतोतंत एका रुंदीचा नसतो, म्हणून छापताना जी कड टेकवली, तीच कापतानाही टेकवावी लागते. काकू नेहमीप्रमाणे डावी टेकवत होत्या. म्हणजे छपाईत कुणीतरी मधेच बाजू बदलली होती आणि तोंडातून ब्र काढला नव्हता.

छपाईचं मशीन त्यांचा नवरा चालवायचा.

जेवताना त्यांनी विचारलं. नवऱ्याचा घास हातातच राहिला. "डावी टेकण ढिली झाली होती, म्हणून उजवीवर घेतलं. सांगायचं राहिलं गं." मग हळूच म्हणाला, "तू घे ना डोळ्यांवर. तुझं नुसतं टेबल बदलेल. मला घरी बसवतील."

"अहो, तुमची चूक मी पोटात घातली असती, पण डोळ्यांवर घेणार नाही. उद्या तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

सकाळी काकू टेबलाकडे फिरकल्याही नाहीत. मशीनपाशी पट्टी घेऊन उभ्या राहिल्या आणि मालकाला शीटं मोजून दाखवली.

"बाजू कुणी बदलली?" मालक ओरडला.

काकूंनी कुणाकडेच पाहिलं नाही. शाईचे हात पुसत नवरा पुढे आला. "मी. तीन हजारांनंतर." त्याचा पडलेला चेहरा बघून काकूंना गलबलून आलं, पण त्यांनी मान खाली घातली नाही. त्यांनी मशीनची टेकण उजवीकडे घेतली आणि दहा शीटं कापली. दहाही घड्या रेघेवर.

"उरलेली शीटं वाचली म्हणून तुम्ही वाचलात," मालक नवऱ्याला म्हणाला. "चला काकू, उरका. गाडी येतेय."

काकूंनी मशीन बंद केलं.

"आता काय?"

"डोळे गेले, हे चारचौघांत म्हणालात. आहेत, हेही चारचौघांत म्हणा."

मालकाने घड्याळ पाहिलं, दार पाहिलं, आणि पुटपुटला, "आहेत, आहेत."

"ऐकू नाही आलं. कानही गेले वाटतं माझे."

पहिला फिसकन हसला तो नवरा. मग सगळेच. मालकाला घसा खाकरावा लागला. "काकूंचे डोळे ठणठणीत आहेत! झालं?"

"झालं," म्हणत काकूंनी बटण दाबलं.